गटप्रकल्पातला गट कुठे गेला?

महोदय,
अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घ्यायला नुकताच बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. चौघांचा गट, विषय ग्रंथालय व्यवस्थापन (दरवर्षीचाच). 'लॉगिनचा भाग कोणी लिहिला?' असे विचारताच तिघांनी एकदम चौथीकडे पाहिले. गिट म्हणजे कोडमध्ये कोणी, कधी, काय बदलले याचा हिशेब ठेवणारी प्रणाली; तिच्यावरच्या नोंदी उघडल्या, तर सगळा कोड एकाच रात्री, एकाच खात्यावरून चढवलेला. बाकीच्यांनी पीपीटी केली आणि ब्लॅक बुक (प्रकल्पाचा छापील अहवाल) बाइंडिंगला टाकून आणले.

मुलांना तरी काय बोलणार? आपण गुण देतो ते ब्लॅक बुकच्या जाडीला आणि पाच मिनिटांच्या डेमोला. 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग' हा शब्द रूढ झाला तो १९६८च्या जर्मनीतील गार्मिश परिषदेमुळे. मोठी सॉफ्टवेअर वेळेत आणि खर्चात का बसत नाहीत, ही तिथली चिंता होती. गिटही २००५ मध्ये जन्मले ते लिनक्स या संगणकप्रणालीवर जगभरातून काम करणाऱ्यांची मोट बांधण्यासाठी. आमची मुले तेच गिट पेनड्राइव्हसारखे वापरतात!

मार्गदर्शकांनी दर पंधरा दिवसांनी या नोंदी पाहाव्यात, सहकाऱ्याचा कोड तपासण्याला गुण ठेवावेत. आणि नव्या गटाला दरवेळी कोरी पाटी कशाला? मागच्या बॅचचा अर्धवट प्रकल्प दुरुस्त करायला द्यावा. नोकरीत पहिल्या दिवसापासून तेच करायचे असते.

त्या चौथीला मी थोडे जास्त गुण दिले. 'सर, गटाला सारखेच देतात हो,' असे मला तिथल्या तिथे सांगण्यात आले.

– एक बाह्य परीक्षक, पुणे