जॅझची मैफल आणि मिरजेचा कान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० एप्रिल हा युनेस्कोने ठरवलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. त्यानिमित्त आपल्या दैनिकात आलेल्या टिपणात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या व्यसनाला सहा ओळी आणि वादनाला जेमतेम एक ओळ मिळाली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पार्कर १२ मार्च १९५५ रोजी वयाच्या ३४ व्या वर्षी वारले आणि मृतदेह पाहणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचे वय पन्नाशीच्या पुढचे धरले, ही हकिकत खरीच आहे. परंतु याच गृहस्थांनी १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चक्क प्लास्टिकचा सॅक्सोफोन हाती घेऊन जे वाजवले, ते ध्वनिमुद्रण आज सत्तर वर्षांनंतरही ताजे वाटते. त्याच रात्री मुष्टियुद्धाचा मोठा सामना असल्यामुळे सभागृह पुरते भरलेही नव्हते. कलावंताच्या आयुष्याचे स्मरण करायचे, तर ते अशा रात्रींपासून सुरू व्हावे. (आपणही आपल्याच सांगली जिल्ह्यातील नागठाण्याच्या बालगंधर्वांच्या कर्जाच्या गोष्टी त्यांच्या गाण्यापेक्षा अधिक रंगवून सांगतो, हे कबूल केले पाहिजे.)

जॅझ ही मुळात मैफलीची कला आहे. स्वरलिपीत उतरते तो सांगाडा. त्यात जीव भरतो तो त्या रात्री, त्या श्रोत्यांसमोर. ७ जुलै १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद मध्यरात्रीच्या सुमारास मंचावर आला, तेव्हा त्यांचा काळ संपला असे जाणकार म्हणू लागले होते. त्या रात्री पॉल गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाने ब्लूज या बारा मापांच्या (एकेका मापात अनेक मात्रा) रचनाबंधाची ओळीने २७ आवर्तने एकट्याने वाजवली, श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले, आणि एलिंग्टन यांची कारकीर्द पुन्हा उभी राहिली. गंमत म्हणजे गोन्साल्विस भलत्याच मायक्रोफोनसमोर वाजवत असल्यामुळे ध्वनिमुद्रण कंपनीच्या मुद्रणात ते नीट आलेच नाहीत. आडनावावरून ते गोव्याचे वाटतील, परंतु त्यांचे आईवडील केप व्हर्दे बेटांवरचे. हेच गोन्साल्विस १९६३ मध्ये एलिंग्टन यांच्याबरोबर भारतात आले होते.

मुंबईला या संगीताची ओळख त्याच्याही फार आधीची. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये आणि लुई आर्मस्ट्राँग १९६४ मध्ये येऊन गेले हे खरे, पण १९३० च्या दशकातच ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवत होते. वेदरफोर्ड तर कायमचे मायदेशी परतलेच नाहीत. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेले. त्यांच्या संगतीत गोमंतकीय वादक तयार झाले आणि त्यांच्यातील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्याबरोबर १९५१ च्या ‘अलबेला’त वाजवू लागले. माझ्या वडिलांनी तो चित्रपट जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. म्हणजे जॅझचा ट्रम्पेट कृष्णाकाठी केव्हाच पोचला होता. आम्ही त्याला जॅझ म्हणत नव्हतो एवढेच.

तरीही गेल्या वर्षी अशा ध्वनिमुद्रणांचा श्रवणकार्यक्रम करावा म्हणून येथील एका सभागृहाकडे गेलो असता, ‘डिस्कोला परवानगी नाही’ असे उत्तर मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात होणाऱ्या सभेत ज्या भागातले लोक रात्र रात्र मांडी घालून बसतात, तिथे हे ऐकावे लागले.

अखेर तो कार्यक्रम मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका स्नेह्यांच्या कारखान्यात झाला. भोवती सुकत ठेवलेले भोपळे आणि लाखेचा वास. बिल एव्हान्स यांनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ रोजी केलेले पियानोवादन लावले. त्यात पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुजही ऐकू येते. आमचे स्नेही तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा सरकवायचा, असे त्यांचे चालले होते. एव्हान्स यांचे साथीदार स्कॉट लाफारो यांचा बेस (खर्जातले मोठे तंतुवाद्य) सुरू झाला आणि स्नेह्यांचा हात थांबला. थोड्या वेळाने म्हणाले, “हा साथीला बसलेला नाही. गवयाचं बोलणं मधेच तोडतोय, आणि गवयाला ते आवडतंय.” त्या वादनानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलै रोजी, लाफारो वयाच्या पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेले, आणि पुढे कित्येक महिने एव्हान्स लोकांसमोर वाजवायला बसले नाहीत, हे मी स्नेह्यांना नंतर सांगितले. त्यांनी तीच बाजू पुन्हा लावायला सांगितली.

जॅझवर असंख्य व्याख्याने झाली असती तरी जे साधले नसते, ते त्या कानाने एका वाक्यात ओळखले. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी त्याच क्लबात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि पुढे पंडित रविशंकरांवरून मुलाचे नाव रवी ठेवले, याचे आपल्याकडे कौतुक होते. मला मात्र त्यापेक्षा लाफारोंपाशी थांबलेला तो हात अधिक मोलाचा वाटतो.

आपण रविवारच्या पुरवणीत अशा एकेका मैफलीवर मजकूर द्यावा, ही विनंती. कोण वाजवत होते, समोर कोण बसले होते आणि त्या रात्री काय घडले, एवढे आले तरी पुरे. व्यसनांचा तपशील शेवटी, जागा उरली तर.

येत्या २५ जूनला संध्याकाळी सहा वाजता त्याच कारखान्यात आम्ही पुन्हा बसणार आहोत. खुर्च्या दहाच आहेत. बाकीच्यांनी भोपळ्यांना धक्का न लावता सतरंजीवर बसावे.

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली