सिकलसेलचं कार्ड दिलं, समजावणार कोण?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीच्या बातम्या तुमच्या पेपरात येत असतात, अमुक तालुक्यात इतक्या हजार लोकांची तपासणी झाली वगैरे. वाचून बरं वाटतं, पण त्याच्या पुढचं कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं टार्गेट आहे. मिशन चांगलंच आहे. नंदुरबार काय, गडचिरोली काय, इकडच्या लोकांनी या आजारात लेकरं गमावलीयत.

तपासणी झाली की कार्डावर रिपोर्ट येतो एए, एएस किंवा एसएस. एए म्हणजे आजारही नाही आणि वाहकही नाही. एएस म्हणजे नुसता वाहक, त्याच्याकडून आजार मुलांकडे जाऊ शकतो पण त्याला बहुतेक काहीच त्रास नसतो, गोळ्या नकोत की पथ्य नको. एसएस म्हणजे खरा पेशंट, त्याच्या रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांमधे अडकतात आणि मग हातपाय, पाठ, छाती इतकी दुखते की पोर रात्रभर रडतं. दोघांत एवढा फरक, पण गावात दोघंही "पॉझिटिव्ह". आणि मग धडधाकट एएस मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं! मुलगा एए असेल तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार होणार नाही, फक्त नवऱ्यामुलाची तपासणी करून घ्या, एवढं कुणी सोयरिकीच्या बैठकीत सांगायला हवं होतं.

मी आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडच्या शिबिरात एका आईला मराठीत भराभर सांगून टाकलं, आनुवंशिक आहे, दोघं वाहक असाल तर २५ टक्के चान्स, समजलं ना? ती हो म्हणाली. साहेब लोकांसमोर नाही कोण म्हणणार. नंतर आमच्या नववीतल्या मुलीने तिला तिच्या पावरी बोलीत विचारलं की काय सांगितलं ते मला सांग, तेव्हा कळलं की तिच्या हिशोबाने चारातलं एक आजारी होतं, ते तर झालं, आता पुढची तिन्ही चांगली होणार. मग त्या मुलीने दोन वाट्या घेतल्या, एक आईची एक बापाची, दोन्हीत एकेक चिंचोका आणि एकेक मक्याचा दाणा टाकला आणि म्हणाली डोळे मिटून दोन्हीतून एकेक काढ. दोन्ही चिंचोके आले तर बाळ आजारी. काढलेलं परत वाटीत टाकायचं, पुन्हा काढायचं. दोनदा तसं केल्यावर त्या बाईला कळलं की प्रत्येक बाळंतपणाला खेळ नव्याने सुरू होतो. आणि शेजारी बसलेल्या सासूलाही दिसलं की चिंचोका बापाच्या वाटीतूनही येतो, इतके दिवस सगळा दोष सुनेच्या माथी होता.

हे सांगायला डॉक्टर लागला नाही, तिची भाषा लागली. आमच्या एकाच जिल्ह्यात धडगावला पावरी, नवापूरला मावची, अक्कलकुव्याकडे भिली, आणि पोस्टर मात्र सगळीकडे पुस्तकी मराठीत.

घरी काय करायचं तेही असंच राहून जातं. एसएसवाल्याने पाणी भरपूर प्यायचं, थंडीत आणि उन्हात जपायचं, ताप आला किंवा छातीत दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हायड्रॉक्सीयुरिया ही या आजारावरची गोळी दुखणं थांबलं म्हणून सोडायची नाही, दिवस राहिले किंवा राहावेत असं वाटलं तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. पण दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातमधे जातं, तिथे गोळ्या संपतात आणि मराठी कार्ड कुणाला वाचता येत नाही. गुजरातीतही छापा ना ते. भगताकडे गेले म्हणून लोकांवर ओरडूनही काही होत नाही, उलट लपवतात. त्यापेक्षा भगतालाच शिबिरात बोलवा, तुझं काय ते कर पण तापाचं पोर थांबवून ठेवू नको, एवढं त्याला पटलं तरी खूप.

माझी मागणी एवढीच आहे की आशाताईंना या समजावण्याच्या कामाचे वेगळे पैसे आणि वेळ द्या, पावरी-मावची-भिलीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतील असे छोटे ऑडिओ करा, आणि कार्ड देताना "समजलं का" न विचारता "आता तुम्ही मला सांगा" असं विचारा. पत्रकारांनीही तपासण्या किती झाल्या याच्या जोडीला हे असं किती जणांना विचारलं, तो आकडा मागावा.

आपली,
एक शिक्षिका, जि. नंदुरबार