तीनदा जिंकला म्हणून फिरता चषक देऊन टाकू नका

मा. संपादक,

गोव्यात पावसाळा सरला की गावोगावी फुटबॉल-क्रिकेटच्या स्पर्धांची तयारी सुरू होते. कित्येक नियमपत्रिकांत एक कलम असते: 'सलग तीन वेळा जिंकणाऱ्या संघास फिरता चषक कायमचा देण्यात येईल.' हे कलम काढून टाकावे, ही आयोजक मंडळांना आमची कळकळीची विनंती.

या कलमाने काय होते, ते गोल्फच्या 'द ओपन' स्पर्धेने भोगले आहे. १८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे ती सुरू झाली, तेव्हा विजेत्याला लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीने मढवलेला पट्टा मिळे. नियम हाच, तीन वर्षे ओळीने जिंका आणि घेऊन जा. यंग टॉम मॉरिस १८६८, १८६९ आणि १८७० अशी तिन्ही वर्षे जिंकला आणि पट्टा त्याचा झाला. १८७१ साली स्पर्धाच झाली नाही. मग तीन क्लबांनी प्रत्येकी १० पौंड घालून ३० पौंडांत चांदीची सुरई करवून घेतली. हीच आजची 'क्लॅरेट जग'. १८७२ साली ती तयार नव्हती, म्हणून पुन्हा जिंकलेल्या टॉमला पदकावर भागवावे लागले. सुरईवर पहिले नाव मात्र त्याचेच कोरले गेले.

जुना नियम सुरईला लावला असता तर? १८७७ ते १८७९ जेमी अँडरसन जिंकला, लगेच १८८० ते १८८२ बॉब फर्ग्युसन. म्हणजे दहा वर्षांत दोन सुरया गेल्या असत्या! नियम नव्हता म्हणून दीडशे वर्षांची नावे आज एकाच चांदीवर वाचता येतात. १९२८ पासून मूळ सुरई सेंट अँड्रूजच्या क्लबातच राहते, विजेत्याला प्रतिकृती मिळते आणि तीही पुढच्या स्पर्धेआधी परत करावी लागते.

आपल्या मंडळांनाही हे सहज जमेल. मूळ चषक मंडळाच्या कपाटात, विजेत्याला लहान प्रतिकृती. चषक बाहेर द्यायचाच असेल तर सही घ्यावी आणि परतीची तारीख स्पर्धेच्या एक महिना आधीची ठेवावी, म्हणजे डागडुजीला वेळ मिळतो.

नावांची जागा पहिल्याच वर्षी मोजून ठेवावी. सागवानी चौकोनी बैठक १५ सेंमी रुंद, १० सेंमी उंच घेतली आणि पितळी पट्ट्या ६ बाय २ सेंमीच्या केल्या, तर एका बाजूला आठ, चारही बाजूंना बत्तीस वर्षे बसतात. पट्ट्या बारीक पितळी स्क्रूने बसवाव्यात आणि नाव कोरूनच घ्यावे. छापील स्टिकरचा गोंद आपल्या दमट हवेत सुटतो, आणि मग २०१५ साली कोण जिंकले ते सांगायला कागदही सापडत नाही.

धातूबद्दलही बोलायला हवे. बाजारातले तीन फुटी चकचकीत चषक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. खारी हवा मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, खालचे जस्त पांढरे पडून फुगते आणि मुलाम्याला फोड येतात. त्यावर इलाज नाही. त्याच पैशांत एक फुटी पितळी चषकावर जाड चांदीचा मुलामा करून घेतलेला कधीही बरा. चांदी काळी पडते ती गंधकाने, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळू नये, रबरबँड लावू नये. धुतलेल्या मऊ सुती कापडात बांधून बंद डब्यात ठेवावा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. टूथपेस्टने तर घासूच नये. दर घासणीला मुलामा झिजतो आणि कोरलेली अक्षरे पुसट होत जातात.

आणि मिरवणुकीत चषक एका कानाला धरून उंचावू नये. डाख तिथेच सुटतो. एक हात बैठकीखाली हवाच.

आपले,
गावच्या स्पर्धांचे दोन कार्यकर्ते,
फोंडा