कनूट चांगला झाला की वाईट?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून माझे पत्र नाही, म्हणून तू वाहिलेली लाखोली पोचली. आमच्याकडे सर्व ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. आज लिहायला बसलो तो ‘विनलँड सागा’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतल्या डॅनिश राजपुत्र कनूटमुळे. हसू नकोस.

तिच्या पहिल्या पर्वाचा अठरावा भाग भाच्याबरोबर पुन्हा पाहिला. तो संपल्यावर त्याने विचारले, “मामा, हा आता चांगला झाला की वाईट?” मला उत्तर सुचले नाही, आणि हा प्रश्न ज्याच्यापुढे टाकावा असा तुझ्याशिवाय दुसरा माणूसही सुचला नाही.

तुझा आक्षेप मला तोंडपाठ आहे: पालनकर्त्या रॅग्नारच्या आड लपणारा, त्याच्याच तोंडून बोलणारा, स्वयंपाकाची आवड असलेला राजपुत्र एका भागात राजासारखा वागू लागतो, ही लेखकाची लबाडी आहे. मला हे तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. मालिकेचा तरुण नायक थॉर्फिन याने डिवचल्यावर तो किती जोरात ओरडला होता, हे तू सोयीस्करपणे विसरतोस. त्या वेळी तुझे सारे लक्ष बहुधा पोह्यांच्या बशीत असावे. आवाज त्याला होताच, रॅग्नार असेपर्यंत तो वापरण्याची वेळ येत नव्हती, इतकेच. शिवाय खरा कनूट १०१६ मध्ये इंग्लंडचा राजा झालाच, तेव्हा मूळ मांगाचे (जपानी चित्रकथेचे) लेखक माकोतो युकिमुरांपुढे तो राजा होतो का हा प्रश्नच नव्हता. तो काय गमावून होतो, एवढेच ठरवायचे होते.

मला खुपते ते नेमके इथे. भाडोत्री टोळीचा म्होरक्या अस्केलाड याने रॅग्नारचा काटा काढल्यानंतर, बर्फात योद्धा थॉर्केल आणि थॉर्फिन एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना, तो दारुडा पाद्री विलिबाल्ड कनूटला सांगतो की रॅग्नारची माया म्हणजे प्रेम नव्हे, तो पक्षपात आहे. प्रेम पाहायचे तर समोरच्या प्रेतात पाहा, ते कोणाचा द्वेष करत नाही, कोणाला लुटत नाही आणि स्वतःचे मांससुद्धा पशूंना आणि किड्यांना देऊन टाकते. कनूट हे मान्य करतो. देव देत नसेल तर स्वर्ग आपणच पृथ्वीवर उभारू, असे ठरवून तो उठतो. एरवी जमिनीकडे वळलेले त्याचे डोळे आता धिप्पाड थॉर्केलवर स्थिर राहतात, आणि मी दर वेळी मनातल्या मनात टाळी वाजवतो. पण ज्या एका माणसाने त्याला जपले, त्याची माया खोटी ठरवूनच तो ताठ उभा राहिला ना? ज्याला कोणी आपले उरले नाही, त्याला परक्याचा जीव स्वस्त वाटू लागतो. दुसऱ्या पर्वात भावावर झालेला विषप्रयोग आणि जमीनदार केटिलच्या शेतावरची स्वारी ही मला याच भागाची फळे वाटतात.

तू म्हणशील, तिथेच तो निःशस्त्र थॉर्फिनचे ऐकून माघारही घेतो. खरे आहे. म्हणून भाच्याला मी एवढेच म्हणालो की दुसरे पर्व पाहा, मग बोलू. तो म्हणाला, “म्हणजे तुला माहीत नाही.” कार्टे तुझ्यावर गेले आहे.

नव्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली रद्द झाल्याचे ऐकून बरे वाटले. उत्तर सविस्तर लिही, आणि ‘लबाडी’ हा शब्द पुन्हा वापरणार असशील तर सोबत कारणेही दे.

तुझा,
माधव