‘नो शुगर’ वाचायला शिकवणाऱ्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

जॅक डेव्हिस या नूंगार, म्हणजे नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी समाजातल्या, नाटककाराचे ‘नो शुगर’ हे नाटक सोलापूरच्या आमच्या वाचनमंडळाने हाती घेतले, तेव्हा पर्थमध्ये नाट्यशिक्षण देण्यात आयुष्य घालवलेल्या आपण दर रविवारी दूरध्वनीवरून आमच्याबरोबर एकेक प्रवेश वाचलात, त्याबद्दल मंडळाच्या वतीने आभार मानतो.

१९८५ साली पर्थमध्ये प्रथम सादर झालेल्या या नाटकात १९२९ ते १९३४ या काळातले, नॉर्दम गावाबाहेर राहणारे मिलिमुरा कुटुंब आहे. खरुजेचे निमित्त करून सरकार सगळी वस्ती उचलते आणि मूर रिव्हर इथल्या मूलनिवासींसाठीच्या सरकारी छावणीत नेऊन टाकते. गोऱ्या गावकऱ्यांना ती शेजारी नको असते, हे खरे कारण. मात्र आपण आम्हाला सर्वांत जास्त वेळ थांबवलेत ते मूलनिवासींचा ‘मुख्य संरक्षक’ म्हणवणारा सरकारी अधिकारी नेव्हिल याच्या कचेरीत. गोऱ्या बेरोजगाराला आठवड्याला ७ शिलिंग मिळत असताना मूलनिवासींचा शिधा २ शिलिंग ४ पेन्समध्ये भागतो, हे तो समाधानाने सांगतो, आणि त्या शिध्यातला साबणही बंद होतो. येथे कोणी आवाज चढवत नाही. वंशद्वेष टिपणांच्या सभ्य भाषेत, काटकसर म्हणून वावरतो.

प्रतिकाराबद्दलची आपली सूचना तर आमचे वाचनच बदलून गेली. २६ जानेवारीच्या, म्हणजे ‘ऑस्ट्रेलिया दिना’च्या, समारंभात छावणीतले लोक नेव्हिलच्या तोंडावर प्रार्थनागीताचे विडंबन गातात, चहात साखर नाही म्हणून सुनावतात, आणि नाटकाचे नाव तिथूनच आले आहे. हा प्रवेश रडव्या सुरात म्हणायचा नाही, असे आपण बजावलेत. आंबेडकरी जलसे ऐकत वाढलेल्या आमच्यातल्या काहींना त्यातली खोच फार समजावावी लागली नाही. मंडळातल्या दोघांचे आजोबा काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेआड हजेरी देत होते; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. दोन्ही इतिहास एकच आहेत असे कोणी मानू नये, हेही आपणच सांगितलेत, आणि ते योग्यच होते.

याच त्रयीतले ‘द ड्रीमर्स’ आता वाचायचे ठरले आहे. त्यातल्या नूंगार संवादांचे उच्चार आपण पूर्वीसारखेच ध्वनिमुद्रित करून पाठवलेत, तर आम्ही आणखी ऋणी राहू.

आपला नम्र,
वाचनमंडळाचा कार्यवाह, सोलापूर