फरशी कशी बसवणार, हे कोटेशनमध्ये लिहून द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या घरसजावटीच्या पानावर गेल्या आठवड्यात नव्या फरशीबद्दलचा मजकूर वाचला. रंग, चकाकी, आकार, लाकडासारखा पोत, सगळे त्यात होते. ती फरशी खालच्या जमिनीला धरून कशी राहणार, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. आम्हीही घर करताना तो प्रश्न कोणाला विचारला नाही आणि तीन वर्षांत सगळी फरशी उखडावी लागली, म्हणून हे पत्र.

माझी पत्नी चाकांच्या खुर्चीवर असते. तिला अडखळू नये म्हणून आम्ही मोठ्या, गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स निवडल्या. कंत्राटदाराने रेती-सिमेंटचा माल पसरला, वर नुसत्या सिमेंटचा घोळ ओतला, टाइल ठेवली आणि रबरी हातोडीने ठोकून पातळीत आणली. सांधे इतके घट्ट की नख जाणार नाही. दिसायला सुंदर होते. पहिल्या वर्षीच न्हाणीघराच्या दाराशी एका टाइलचा कोपरा तडकला, मग शेजारची. खुर्ची नेमकी तिथे वळते. पुढची दोन चाके लहान असतात आणि वळताना बराचसा भार त्या इवल्याशा जागेवर येतो. कोपऱ्याखाली माल पोहोचलाच नसेल, तर टाइल किती दिवस तग धरणार? मी नाण्याने एकेक टाइल वाजवून पाहिली. निम्म्याहून अधिक ठिकाणी आवाज पोकळ आला.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी मोठा आवाज झाला आणि दिवाणखान्यातल्या दोन ओळी छपरासारख्या वर उचलल्या. पत्नी त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती. तो दिवस आठवला की आजही जीव कासावीस होतो.

उचललेली टाइल उलटी करून पाहिली, तर पाठ कोरी! जणू आत्ताच खोक्यातून काढली आहे. खालच्या सिमेंटवर मात्र तिच्या पाठीवरच्या चौकटींचे ठसे स्पष्ट उमटलेले होते. म्हणजे सिमेंट तिला टेकले होते, चिकटले नव्हते. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे कारण शोधल्याशिवाय चैन पडेना. जुन्या सिमेंटच्या किंवा भाजलेल्या मातीच्या लाद्या पाणी पितात. घोळातले पाणी त्यांच्या छिद्रांत शिरते, त्याबरोबर सिमेंट शिरते आणि तिथेच धरते. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते. सिमेंटला धरायला जागाच नाही. लादी बदलली, बसवायची रीत मात्र जुन्या लादीचीच राहिली. त्यात भिंतीकडेला फट नाही, टाइल्समध्ये फट नाही. खालचे काँक्रीट वाळताना आकसते, वरची टाइल उन्हाने किंचित पसरते. हा ताण कुठेतरी बाहेर पडणारच.

दुसऱ्या खेपेस मी दुकानात जाण्याआधी मिस्त्री शोधला. माझ्या निम्म्या वयाचा, पण टाइलकडे न पाहता त्याने आधी दाराचे उंबरे मोजले आणि लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर सगळीकडे फिरवली. जुन्या फरशीवरच नवी चिकटवण्याचा सल्ला आम्हाला दोघातिघांनी दिला होता. खालची फरशी सर्वत्र घट्ट असेल, घासून खडबडीत केली असेल आणि उंची वाढलेली चालणार असेल, तर ती पद्धत वाईट नाही. आमची फरशी पोकळ होती, शिवाय दाराशी चढ तयार झाला असता. म्हणून सगळे काढून नवा कोबा, म्हणजे रेती-सिमेंटचा सपाट थर, केला आणि २८ दिवस थांबलो. मोठ्या टाइलसाठी खालची जमीन ३ मीटर लांबीत ३ मिलिमीटरपेक्षा अधिक खालीवर नको, हे त्याचे म्हणणे. मी पुढे शोधले तेव्हा जाणकारांचे मापही तेच निघाले.

मग व्हिट्रिफाइडसाठीचे टाइल अ‍ॅढेसिव्ह, म्हणजे चिकटवायचा मसाला, आणि दातेरी थापी. त्याचे काम मी रोज खुर्ची टाकून पाहत बसे. ठिपके ठेवणे नाही, गोल गोल फिरवणे नाही. सगळ्या रेघा एकाच दिशेने सरळ ओढायच्या, टाइलच्या पाठीवरही पातळ थर द्यायचा आणि टाइल रेघांना आडवी सरकवत दाबायची, म्हणजे रेघा मोडतात आणि मधली हवा बाहेर पडते. गोल फिरवले की हवा आतच कोंडते. मसाला पसरून वीसेक मिनिटे गेली की त्यावर साय धरते. तो बोट लावून पाही. बोटाला मसाला लागला नाही तर खरवडून टाकी. दर काही टाइल्सनंतर एक ओली टाइल उचलून पाठ दाखवी. कोरड्या खोलीत पाठीचा किमान ८० टक्के आणि न्हाणीघरात ९५ टक्के भाग मसाल्याने भरलेला हवा. आमच्याकडे त्याने दाराशीही कोपरे पूर्ण भरले, कारण चाके कुठे वळतात हे त्याने पत्नीला विचारून घेतले होते. सांध्यात फट राखणारे २ मिलिमीटरचे तुकडे (स्पेसर) लावले, भिंतीकडेला फट सोडली आणि ती भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली (स्कर्टिंग) झाकली.

निजायच्या खोलीत पत्नीला लाकूड हवे होते. तिथे सगळे जण एकच सांगत होते: क्लिकची फळी, खाली फोम, दोन दिवसांत काम. ही तरंगती पद्धत. फळ्या एकमेकींना अडकतात, जमिनीला नाही. भाड्याच्या घराला, पुढे काढून न्यायची असेल तेव्हा ती उत्तम. पण भिंतीकडेला आठ-दहा मिलिमीटर मोकळे सोडावे लागते, भरलेले जड कपाट तिला एका जागी खिळवून ठेवते आणि मग सांधे उघडतात. त्यात चाके रोज त्याच वाटेने गेली की फळी दबते, उठते, आणि क्लिकची जीभ झिजते. दोन खोल्यांमध्ये लावायची उंच पट्टी खुर्चीला नडते ती वेगळीच. म्हणून आम्ही थरांचे लाकूड (खाली प्लाय, वर खऱ्या लाकडाचा थर) जमिनीला पूर्ण चिकटवून घेतले. पुढे काढणे अवघड, हे मान्य करूनच. प्लायवर खिळ्यांनी ठोकायची पद्धत उंची वाढवते म्हणून सोडली. चिकटवायचे पातळ व्हिनाइल नाकारले, कारण खालचा रेतीचा कणही त्यावर उठून दिसतो.

लाकडाला मात्र २८ दिवस पुरले नाहीत. कोबा टणक झाला म्हणजे वाळला असे नाही. साधारण प्रत्येक २५ मिलिमीटर जाडीला महिनाभर धरावा लागतो आणि आमचा ४० मिलिमीटरचा होता. मिस्त्रीने ४५ सेंटिमीटरचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर लावला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब आणि खाली काळसर डाग. महिन्याभराने पुन्हा लावला, तेव्हा कोरडा निघाला. ओलाव्याच्या यंत्राने पुन्हा मोजून मगच गोंद उघडला. तोवर पत्नी बहिणीकडे राहिली. तिने एकदाही घाई केली नाही.

मला गवंड्यांना दोष द्यायचा नाही. मजुरी क्षेत्रफळावर मोजली जाते. पट्टी फिरवायचे, थांबायचे, टाइल उचलून दाखवायचे पैसे त्यात धरलेलेच नसतात. म्हणूनच माझी मागणी अशी की फरशीच्या प्रत्येक कोटेशनमध्ये टाइलच्या नावाच्या खालच्या ओळींत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: खाली काय आहे, कशाने चिकटवणार, सांधा आणि कडेची फट किती, आणि बसवण्याआधी किती दिवस थांबणार. ग्राहकानेही या कामाचे पैसे वेगळे मोजायला तयार असावे. आपल्या पानावर पुढच्या वेळी फरशीचे छायाचित्र छापाल, तेव्हा त्याखाली एवढे चार शब्द द्यावेत, ही विनंती.

आमच्या मिस्त्रीने उचलून दाखवलेल्या एका ओल्या टाइलच्या पाठीचे छायाचित्र मी काढून ठेवले आहे. आपल्याला हवे असल्यास जरूर पाठवीन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक