सिनेमाला तारे, गेमला गुन्हेवार्तेचं पान

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शुक्रवारच्या पुरवणीत नव्या सिनेमाचं परीक्षण असतं, वेबसीरिजचं असतं, आमच्या गावात नाटक वर्षानुवर्षं फिरकत नसलं तरी नाटकाचंही असतं. गेमचं नाव मात्र आपल्या पेपरात दोनच ठिकाणी दिसतं. एक तर ‘गेमच्या नादात मुलाने घर सोडलं’ असल्या बातमीत, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याच्या चौकटीत. गावातली पोरं सिनेमापेक्षा कितीतरी जास्त वेळ ज्यात घालवतात, ती गोष्ट मुळात चांगली बनवलीय का भिकार, हे कुणी लिहीतच नाही. सेलूत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून या विषयात तोंड घालतो.

हँडसेट हातात घेतला की मालक काय खेळतो ते मला कळतं. चार्जिंगला लावून खेळणाऱ्याची पिन ढिली झालेली असते, वायर एका बाजूला दाबून धरली तरच चार्ज होतो. स्क्रीनगार्डवर खालच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यात अंगठे घासून दोन पांढुरके गोल पडलेले असतात. वरच्या कोपऱ्यांतही तसलेच डाग असतील तर पोरगं चार बोटांनी खेळणारं, म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं. “काका, लई लॅग मारायलाय, काहीतरी करा ना.” म्हणजे गेम अडकत अडकत चालतो. करायचं काय? चार जीबी रॅमचा फोन, स्टोरेज गच्च भरलेलं. जागा करायला पोरं वडलांचे फोटो उडवतात, आजीच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ उडवतात. गेमला हात लावू देत नाहीत.

मग दोन दिवसांनी वडील येतात. “ते गेम तेवढं काढून टाका बरं. पोरगं जेवंना झालंय.” कोणता गेम, विचारलं तर “पब्जी.” खरं तर पब्जी, म्हणजे तो गोळीबाराचा गेम, सरकारने २ सप्टेंबर २०२० लाच बंद केला. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतासाठीचा अवतार बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. एवढं रामायण होऊन गेलं तरी आईबापांच्या लेखी सगळे गेम पब्जीच आहेत. कारण त्यांना सांगणारं कुणी नाही, आणि पोरगं तर सांगणार नाहीच.

बीजीएमआयबद्दल माझं मत असं. गेम म्हणून तो उत्तम बनवलेला आहे. शंभर जण मैदानात उतरतात, पावलांच्या आवाजावरून दुश्मन कुठल्या खोलीत आहे ते ओळखायचं, चौघांनी एकमेकांना सांभाळून पुढे सरकायचं. शाळेत मागच्या बाकावर मुक्याने बसणारं पोरगं इथे तिघांना हुकूम सोडताना मी ऐकलंय. फ्री फायर मॅक्स त्यामानाने उथळ, पण हलक्या फोनवर चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांत डाव आटोपतो, म्हणून खेड्यात त्याचंच राज्य. दोन्हींत सडका भाग एकच, तो म्हणजे आतलं दुकान. बंदुकीला रंग चढवायचा तर यूसी घ्या, आपल्या खेळाडूला नाचवायचं तर डायमंड घ्या. ही गेममधली नाणी, खऱ्या पैशांनी घ्यायची. वस्तू सरळ विकत मिळाली तर एक वेळ समजू शकतो. बऱ्याचदा पेटी फोडायची असते, तीत काय निघेल ते नशिबावर. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या खात्यात आडतीवर विकलेल्या सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, जमा झाली आणि आठवड्याभरात थोडी थोडी करून वितळत गेली. ओटीपी त्याच फोनवर यायचा आणि फोन पोराच्या हातात असायचा. ते गृहस्थ बँकेत भांडून आले, नंतर माझ्याकडे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे खेळ बंद झाले. चांगलं झालं. आयपीएलच्या दिवसांत पानटपरीवर मोबाइलवर पैसे लावून टीम लावणारे किती बुडाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण बंदुकीला रंग चढवायचा धंदा चालूच आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. ती बातमी पोरांनी बरोब्बर लक्षात ठेवली आणि आता “काका, हे करिअर आहे” असं मलाच ऐकवतात. त्यांना कोण सांगणार, की गावच्या तालमीत कुस्ती खेळणारे पुष्कळ असतात, महाराष्ट्र केसरी एक असतो!

आता सिनेमाकडे येतो, कारण तुलना तिथेच करायची आहे. ‘छावा’ला आमच्या भागात ट्रॅक्टरमधून माणसं गेली. विकी कौशलने जीव ओतलाय, लढाया दणक्यात आहेत, पण गाणी आली की मी घड्याळ बघत होतो. खरं काम अक्षय खन्नाचं. औरंगजेबाला त्याने आवाज चढवू दिला नाही, म्हणून तो जास्त अंगावर येतो. (औरंगजेबाची कबर असलेलं खुलताबाद आमच्याच मुलखात, त्यामुळे त्यानंतर उठलेल्या वादावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल.) त्याच वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, ५ डिसेंबरला ‘धुरंधर’ आला, त्यातही अक्षय खन्नाच भाव खाऊन गेला. त्याच्या नाचाची रील त्या महिन्यात प्रत्येक फोनमध्ये होती. साडेतीन तासांचा सिनेमा, मधे एकदाही कंटाळा आला नाही हे कबूल. पण रक्तपात इतका, की त्याला ‘ए’ प्रमाणपत्र मिळालं ते बरोबरच. ‘सैयारा’बद्दल काय बोलायचं? गाणी चांगली आहेत, पोरी रडल्या, पोरं रडल्याचं दाखवत होती. पुढे चला.

‘दशावतार’ मात्र मनात राहिला. ऐंशी पार केलेले दिलीप प्रभावळकर पडद्यावर पळतात, नाचतात, सोंगं घेतात, आणि कुठेही वयाची दया मागत नाहीत. मालवणी सगळीच कळली असं नाही. पण खाणीसाठी गावाचा डोंगर जातोय हे कळायला मालवणी लागत नाही. ‘स्थळ’ किती जणांनी पाहिला कोण जाणे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातला, बहुतेक गावातलीच माणसं घेऊन केलेला. पोहे, चहा, पाटावर बसवलेली पोरगी, “उंची किती, रंग कसा”, आणि मागे कापसाचा भाव. आमच्याकडे कापसाच्या जागी सोयाबीन टाका, बाकी एक अक्षर बदलायला नको. असा सिनेमा आमच्याकडे आला तर पहिल्या आठवड्यात, भर दुपारचा एक खेळ. दुसऱ्या आठवड्यात पोस्टरही नसतं. बरे सिनेमे बघायचे तर छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव असतो, तपोवन एक्स्प्रेसने जाता येतं; पण दुकान बंद ठेवून किती जाणार? आपल्या परीक्षणांमुळे निदान ओटीटीवर काय शोधायचं ते तरी कळतं. तेवढ्याचसाठी मी ती वाचतो.

तर मुद्दा असा. ‘धुरंधर’च्या पोस्टरवर ‘ए’ होतं, परीक्षणात तसं छापून येतं, म्हणून बाप बारा वर्षांच्या पोराला घेऊन गेला नाही. त्याच बापाच्या घरात तेच पोरगं सेकंडहँड कॉम्प्युटरवर जीटीए नावाचा गुन्हेगारीचा गेम खेळतं. भर रस्त्यात गाडी अडवून माणसाला खाली ओढायचं, पोलिसांवर गोळ्या झाडायच्या. हा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, हे बापाला ठाऊक नाही. तो शेजाऱ्याला कौतुकाने सांगतो, “गाड्यांचा गेम खेळतंय.” जीटीए वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उलट शहर कसं जिवंत करावं हे त्या लोकांकडून शिकावं. पाचवा भाग आला १७ सप्टेंबर २०१३ ला, म्हणजे नेमका आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि अजून पोरं त्यातून बाहेर आलेली नाहीत. सहावा आधी २०२५ मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६ ठरली, मग १९ नोव्हेंबर २०२६. तारखा पुढे ढकलण्यात आमच्याकडच्या रस्त्यांच्या ठेकेदारांनाही मागे टाकलं. पण तो मोठ्यांसाठीचा आहे, एवढं तरी कुणी मराठीत छापायला नको का?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे पत्रही डॉक्टरांच्या चौकटीत जाऊन बसायचं. चांगले गेम खूप आहेत आणि आमची पोरं ते बघतात. हो, बघतात. महागडा कॉम्प्युटर नाही, प्लेस्टेशन नाही, म्हणून दुसरा कुणी खेळतो ते यूट्यूबवर बघायचं. रोजचा दीड जीबी त्यातच जातो. म्हणजे आमच्याकडे गेम हा सिनेमासारखाच पाहिला जातो, मग त्याचं परीक्षण का नको? बॅटरी बदलायला आलेल्या एका कॉलेजातल्या पोराने काउंटरला रेलून मला एका फ्रेंच गेमची गोष्ट सांगितली. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३’ नावाचा, एप्रिल २०२५ मध्ये आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला. त्यात एक बाई दर वर्षी एका प्रचंड दगडी खांबावर आकडा लिहिते. त्या वयाची सगळी माणसं धूर होऊन नाहीशी होतात. आकडा दर वर्षी एकाने उतरत जातो. आता ३३ वर आलाय, आणि ज्यांचं एकच वर्ष उरलंय ती माणसं त्या बाईला गाठायला निघतात. बॅटरी बसवून झाली तरी मी झाकण लावायचं थांबलो होतो. अशी गोष्ट अलीकडच्या कोणत्या हिंदी सिनेमात सापडली, ते आपल्या परीक्षकांनीच सांगावं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला ‘सिल्कसाँग’ घ्या. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या तीन माणसांच्या टीमने तो वर्षानुवर्षं घडवला, आणि विक्री सुरू होताच ऑनलाइन दुकानं कोलमडली. गेम भलताच अवघड आहे. गोळ्या मारणारी आमची शूर पोरं पाचव्या मिनिटाला हात टेकतात. मला तो चित्रांसाठी आवडला. किड्यांचं जग, पण एकेक कोपरा हाताने रंगवलेला. चीनने २०२४ मध्ये आपल्या पुराणातल्या वानराचा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ केला, तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. आपल्याकडेही काही नाही असं नाही. पुण्याच्या पोरांनी २०२० मध्ये ‘राजी’ केला. भावाला शोधायला निघालेली लहान मुलगी, असुर, हवेल्या, भिंतीवरची चित्रं. लढाईच्या भागात गेम कमी पडतो, पण दिसायला देखणा. ‘इंडस’ हा गेमही पुण्याचाच, ऑक्टोबर २०२४ चा. पुण्यात गेम बनतात हे मी सांगितलं तेव्हा दुकानातल्या पोरांना खरं वाटेना. मराठी पेपरात त्यांनी ते कधी वाचलेलंच नव्हतं, मग खरं कसं वाटणार?

म्हणून विनंती अशी, की सिनेमाच्या परीक्षणाशेजारी दर शुक्रवारी एका गेमला तीनशे शब्द द्या. तारे नसले तरी चालतील. किती वयाच्या मुलाने खेळावा, कोणत्या फोनवर नीट चालतो, उतरवून घ्यायला किती जीबी लागतात, आत पैसे मागतो का आणि कसे मागतो, गोष्ट काय, आणि मुख्य म्हणजे मजा येते का. इंग्रजी मजकूर मराठीत करून छापू नका, त्यात पन्नास-साठ हजारांच्या फोनच्या गप्पा असतात. लिहायला नांदेड, लातूर, परभणीकडचं एखादं कॉलेजातलं पोरगं किंवा पोरगी घ्या. हो, पोरगी. माझ्या दुकानात चार बोटांचे डाग असलेले फोन घेऊन येणाऱ्यांत मुलीही असतात, फक्त त्या “भावाचा आहे” म्हणतात.

आणि सिनेमाच्या परीक्षणातही एक ओळ वाढवा: मराठवाड्यात कुठे लागलाय. मुंबईतल्या खेळांच्या वेळा आम्हाला काय कामाच्या?

गेमची सुरुवात नव्या-कोऱ्यापासूनच करा असा आग्रह नाही. फ्री फायर मॅक्सपासून केली तरी चालेल, घरोघर तोच आहे. त्यातली पेटी कशी फोडतात, तिला किती पैसे जातात आणि खरेदीला पासवर्ड कसा लावायचा, एवढं पहिल्या आठवड्यात छापा. ते कात्रण मी काउंटरच्या काचेखाली लावीन.

आपला,
एक वाचक
सेलू, जि. परभणी